अठरा खण आणि खालचा एक

मी एक लाकडी पेटी बोलतेय. दचकू नका. दचकायचं काम माझं आहे. घंटा झाली, कुणी दार आपटलं, पट्टी टेबलावर पडली की माझे सगळे खण एकदम खुळखुळतात. इतकी वर्षं शाळेत काढली तरी ही सवय काही गेली नाही. बोलावं की नको, यातही माझे बरेच दिवस गेले. पण जे पाहिलं ते आत कोंडून ठेवणं मला आता जमत नाही.

तिसरीच्या वर्गात, फळ्याच्या डाव्या हाताला, खिडकीखाली मी उभी असते. उंचीनं साधारण नऊ वर्षांच्या मुलाएवढी. आडवे तीन आणि उभे सहा असे अठरा छोटे खण, आणि त्यांच्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक खण. म्हणजे तोंडं एकोणीस, आणि आवाज एकही नाही. याचा मला किती त्रास झाला ते पुढे सांगते.

माझा जन्म एका सुताराच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एकेक खण बसवताना तो बोटानं ओढून बघायचा आणि पुन्हा रंधा मारायचा. "खण ओढायला एक बोट पुरलं पाहिजे. हात लावावा लागला तर मी सुतार कसला?" असं तो स्वतःशीच बोलायचा. खालचा लांब खण त्यानं उरलेल्या लाकडातून केला. तो जरा घट्ट बसला. सुतारानं दोनदा ओढून पाहिला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "हा थोडा रुसणार. असू दे. रुसणारेच टिकतात."

मला ज्यांनी बनवून घेतलं ते बटणवाले काका. त्यांचं बटणांचं दुकान होतं, नुसत्या बटणांचं! प्रत्येक खणात एका जातीची बटणं, आणि आत काय आहे ते कळावं म्हणून दर्शनी बाजूला तारेनं बांधलेलं एक बटण. त्या तारांची दोन-दोन भोकं अजून माझ्या अंगावर आहेत. मी त्यांतूनच जग बघते.

लोक यायचे, शर्ट पुढे करायचे आणि म्हणायचे, "काका, एक तुटलंय." काका शर्ट हातात घ्यायचे, राहिलेल्या बटणांवरून अंगठा फिरवायचे आणि न बघता एक खण ओढायचे. त्यातून अगदी जोडीचं बटण निघायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थक्क झाले, आणि हजाराव्यांदा पाहिलं तेव्हाही तेवढीच झाले. कुठून कुठली माणसं, आणि त्यांचं हरवलेलं इथे, माझ्यात!

खालच्या खणात काका एकेकटी बटणं टाकत. रस्त्यात सापडलेली, माळ्यावर उरलेली, कशाशीच न जुळणारी. काकू चिडायच्या. "अहो, टाका की तो कचरा!"

"कचरा कसला? त्याचा शर्ट असेल ना कुठेतरी. अजून आपल्या दुकानात आला नाही, एवढंच."

पुढे लोकांनी शर्ट शिवून घेणं कमी केलं आणि बटण तुटलं की शर्टच टाकायला लागले. दुकान बंद झालं. मी काकांच्या घराच्या मागच्या खोलीत गेले. माझ्यावर रद्दी आली, रद्दीवर छत्र्या आल्या आणि छत्र्यांवर एक मांजर आली. तिसऱ्या ओळीतला खण कुणीतरी अर्धा उघडा ठेवला होता, त्यात तिनं दोनदा पिल्लं घातली. माझ्या आयुष्यातला तो काळ तसा वाईटच, पण त्या पिल्लांचे डोळे उघडताना मी पाहिलेत, म्हणून तक्रार करत नाही.

मग एक दिवस काकांची पुतणी आली. शाळेत नुकतीच लागलेली, बोलणं पोळीवाल्या बाईच्या लाटण्यासारखं खणखणीत. तिच्या पहिल्याच वाक्याला मी दचकले.

"काका, ही पेटी मला द्या. शब्द ठेवायचेत."

"शब्द? अगं, ते काय बटणं आहेत का?"

"तुम्ही द्या तर. नाही जमलं तर परत आणून देईन."

"परत नको आणूस," काकू आतून ओरडल्या. "काका परत घेतील, मी नाही!"

अशी मी शाळेत आले. आता ती पुतणी म्हणजे सगळ्यांच्या बाई.

तिसरीला 'आपलं राज्य' नावाचा धडा होता. राज्याचे सहा भाग: समुद्रकाठ, डोंगर, जंगल, माळरान, नदीकाठ आणि शहर. मुलं ती नावं घोकायची आणि घोकता घोकता जांभया द्यायची. या गावात गिरणी होती, मोठा बाजार होता, त्यामुळे राज्याच्या सगळ्या कोपऱ्यांतून कामासाठी आलेल्या घरांतली मुलं वर्गात होती. मात्र पुस्तकातला डोंगर आणि शेजारच्या बाकावरचा डोंगरातला मुलगा, यांचा काही संबंध असतो हे कुणाला सुचलंच नव्हतं.

बाईंनी माझ्या सहा ओळींवर सहा भागांची नावं चिकटवली. प्रत्येक मुलाला विचारलं, "तुझं गाव कुठलं?" आणि त्याप्रमाणे त्याची ओळ ठरली. मग नियम सांगितले. शब्द पुस्तकातून आणायचा नाही आणि मनानं बनवायचा तर अजिबातच नाही. घरातल्या माणसाच्या तोंडून आणायचा. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द आणि अर्थ, मागच्या बाजूला कोणाकडून मिळाला ते. आणि शब्द आपल्याच ओळीत टाकायचा.

दुसऱ्या दिवशी पहिलं कार्ड पडलं. 'ओहोटी. समुद्र मागे जातो ती वेळ. कोणाकडून: आजोबांकडून.' कागदाचा एवढासा कपटा. बटणांची सवय असलेल्या मला त्याचं वजनसुद्धा जाणवलं नाही. पण बाईंनी तो वाचून दाखवला आणि कधीच समुद्र न पाहिलेली तीस-चाळीस मुलं एकदम पुढे वाकली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मागे जातो म्हणजे कुठे जातो?" आणि माझ्या लाकडात शिरशिरी आली. एवढ्याशा कागदात अख्खा समुद्र मावतो आणि वर मागेपुढेही होतो!

मग शब्द येतच राहिले. खिंड, पाचोळा, गाळ, वल्हं, बोळ. बोळ आणि गल्ली यांत अरुंद कोण, यावर दोन दिवस भांडण चाललं. एक मुलगा प्रत्येक गोष्टीत आडवे प्रश्न विचारायचा, त्याला सगळे वकील म्हणायचे. त्यानं शहराच्या ओळीत 'डुलकी' टाकलं.

"हा शहराचा शब्द कसा रे?" बाईंनी विचारलं.

"बाई, आमचे आजोबा शहरात आल्यापासून दुसरं काही करतच नाहीत."

बाई हसू दाबत म्हणाल्या, "टाक बाबा."

सहामाही परीक्षेनंतर वर्गात एक नवीन मुलगी आली. तिचे आईवडील रस्त्याच्या कामावर होते. गावाबाहेरून शाळेवरून जाणारा मोठा रस्ता डांबरी होत होता. काम रोज थोडं पुढे सरकायचं, आणि ते शाळेच्या फाटकापुढे गेलं की ही मंडळी दुसरीकडे जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मुलांनी तिचं नावच पाडलं, पाहुणी.

"तुझं गाव कुठलं?" बाईंनी विचारलं.

पाहुणी उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. बाईंना वाटलं लाजते. "बरं, सध्या शहराची ओळ घे," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. तिचं कार्ड मात्र एकही आलं नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. खिडकीतून येणारा डांबराचा वास रोज जवळ येत होता.

आता मला जे माहीत होतं ते सांगते. मधल्या सुट्टीत सगळी मुलं डबा घेऊन बाहेर पळाली की पाहुणी माझ्याजवळ यायची. एका बोटानं खण ओढायची, सुताराला हवं होतं अगदी तसं. कार्ड काढून वाचायची आणि हळूच स्वतःशी बोलायची. "खिंड. आम्ही खिंडीत होतो, तिथे रोलर अडकला होता." "गाळ. त्या गाळात बाबांची चप्पल गेली." "ओहोटी. ओहोटीबरोबर आईचे कपडे वाहून गेले होते."

मी ऐकत होते आणि मला कापरं भरत होतं. सगळ्या ओळींतले शब्द या मुलीनं पाहिले होते! पायाखालून घातले होते! वर्गात कुणाला एक ओळ माहीत, कुणाला फार तर दोन. हिला सहाही. आणि हे माहीत असलेली गावात मी एकटी, आणि मला बोलता येत नाही. एकोणीस तोंडं असून!

एक दिवस तिनं दप्तरातून पाच कार्डं काढली. इकडे-तिकडे पाहिलं, शहर सोडून पाच ओळींत एकेक टाकलं आणि पळाली. पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू, शिवाय कपार, ढोली, वावटळ, डोह.

ती कार्डं बाईंना दुसऱ्याच दिवशी सापडली. अक्षर एकाच हातचं, ओळी पाच. मागच्या बाजूला लिहिलं होतं: 'मिठाच्या ट्रकवाल्याकडून.' 'मेंढ्यांवाल्या बाबाकडून.' 'पाणी देणाऱ्या मावशीकडून, ती आमची खरी मावशी नाही.' आणि एकावर, 'नाव विचारायचं राहिलं.'

बाईंनी कार्डं पत्त्यांसारखी हातात धरली. "हे शब्द कोणी टाकले? एक माणूस पाच भागांतला कसा असेल? पुस्तकातून उचलायचे आणि मागे काहीही लिहायचं?"

मग वकील उठला. तो वाईट नव्हता, पण त्याला गप्प बसवत नसे. "बाई, पाहुणीनं टाकले, मी पाहिलं. तिला तर एकही गाव नाही. मग तिचा शब्द कुठला?"

काही मुलं हसली. पाहुणी उठली नाही, रडली नाही. मान खाली घालून बाकावरची एक रेघ नखानं कोरत राहिली. बाईंनी ती पाच कार्डं टेबलाच्या कप्प्यात टाकली आणि कप्पा लावला. तो आवाज मोठा नव्हता, पण मी आयुष्यात एवढी कधी दचकले नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रोलरचा आवाज आता फाटकापासून हाकेच्या अंतरावर आला होता.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई एकट्याच वर्गात बसल्या होत्या. त्यांनी ती कार्डं काढली आणि मागच्या बाजू पुन्हा वाचल्या. "ती आमची खरी मावशी नाही," हे वाक्य त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचलं. मग खणखणीत आवाजात स्वतःलाच म्हणाल्या, "असं कुणी खोटं लिहितं का, मूर्ख बाई?"

त्यांनी माझा खालचा खण ओढला. तो रुसलेलाच होता. दोन्ही हात लावले, पाय टेकवला, तेव्हा निघाला. आतले खडू आणि डस्टर काढले. एका चिठ्ठीवर 'इतर' लिहून ती खणाला चिकटवली, खण ताटासारखा दोन्ही हातांवर घेतला आणि रस्त्याच्या कामाकडे निघाल्या.

माझा खण म्हणजे मीच. त्या दिवशी मी पहिल्यांदा उघड्यावर आले, तोंड वर करून; दुकानातून घरी आणि घरून शाळेत आले ती गोणपाटात गुंडाळूनच. आणि वर आकाश! मला वाटायचं, खिडकीत दिसतं तेवढंच ते असतं. कडा शोधत राहिले, सापडेनाच. शब्द वाचून जे कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं, आणि भीतीही वाटली, की एवढं मोठं असेल तर ते कुठल्या खणात ठेवायचं?

"थांबा बाई! गरम आहे पुढे!" लाल झेंडा आडवा आला. झेंडा धरलेली बाई पाहुणीची आई होती. एका हातात लाल, एका हातात हिरवा, डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं. तिच्या लाल झेंड्यासमोर एक बस आणि चार ट्रक मुकाट उभे होते.

"तुमची मुलगी शाळेत येत नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणते, पोट दुखतंय. पोट दुखणारी मुलगी अशी रोलरवर चढून बसते का?" आईनं हिरवा झेंडा वर केला, ट्रक सुटले. "काय झालं हो? काही फोडलं का तिनं?"

"मीच एक चूक केली. तिचं गाव कुठलं ते मला कळलं नाही."

आई हसली. "आम्हाला तरी कुठे कळलंय? जन्मली समुद्राजवळ, चालायला लागली माळावर, पहिला दात पडला तो डोंगरात. तो तिथेच पुरलाय साइडपट्टीत. रस्ता जाईल तिकडे आम्ही. कुणी गाव विचारलं की ही अशी खांबासारखी उभी राहते."

"आणि ती पाणी देणारी मावशी?"

"आहे की! नदीच्या कामावर रोज दोन घागरी आणून द्यायची बिचारी. का?"

बाई एका उपड्या पिंपावर बसल्या, खण मांडीवर घेतला. रोलरमागून दोन डोळे बघत होते.

"ये ना," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा हळू होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "तुझी पाचही कार्डं खरी आहेत. मी वाचायला चुकले. हा बघ, तुझ्यासाठी खण आणलाय."

पाहुणी आली. खणावरची चिठ्ठी तिनं वाचली. बराच वेळ वाचली, तीन अक्षरांना लागतो त्याहून खूप जास्त.

"इतर नको," ती म्हणाली.

"अगं, इतर म्हणजे..."

"मला माहितीय. प्रत्येक शाळेत मी इतरमध्येच असते."

मागे आईचा झेंडा हवेतच राहिला. एका ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. मी मात्र दचकले नाही. तेव्हा माझं लक्ष नव्हतं तिकडे.

बाईंनी नखानं चिठ्ठी खरवडून काढली. सगळी निघाली नाही, कोपरा अजून चिकटलेला आहे. "मग काय लिहू?"

"रस्ता."

"रस्ता काय राज्याचा भाग असतो का?" बाई सवयीनं बोलून गेल्या. बोलल्या आणि त्यांची मान वर गेली. पुढे काळाभोर रस्ता, मागे मातीचा. तो कुठून येतो आणि कुठे जातो ते त्यांनी पाहिलं. समुद्राकडून येतो, डोंगर फोडून, जंगलाच्या कडेनं, माळावरून, नदीवरून, या गावात. मग त्यांनी माझ्या खणाकडे पाहिलं. सहाही ओळींच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला. एवढे दिवस तो तिथे होता आणि आम्ही त्यात खडू ठेवत होतो.

"असतो," बाई म्हणाल्या. "लिही तूच."

पाहुणी शाळेत परत आली. मधे एकदा मोठे सर वर्गात आले, चष्मा सावरत वाकले आणि म्हणाले, "बाई, पुस्तकात भाग सहाच आहेत."

"हो सर. पुस्तक बहुतेक एका जागी बसून लिहिलंय."

सरांनी खिशातून पेन काढलं, एक कोरं कार्ड मागितलं आणि म्हणाले, "माझे वडील रेल्वेत होते. सात गावं बदलली आम्ही. एक शब्द टाकू का?"

पाहुणीला चारच दिवस मिळाले. चार दिवसांत तिनं एकतीस कार्डं टाकली. आणि वकील, तो आगाऊ वकील, मधल्या सुट्टीत डबा हातात धरून तिच्याशेजारी उभा राहायचा आणि विचारायचा, "रोलर अडकला मग पुढे?" तो तिला सॉरी म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. पण पुढे काय झालं ते त्यानं रोज विचारलं.

चौथ्या दिवशी रस्ता फाटकापुढून गेला. सकाळी सगळी मुलं कुंपणाला लटकून बघत होती. रस्ता काळा, गुळगुळीत, वाफाळलेला, दोन्ही टोकांना दोर बांधलेले. त्यावर एक पाऊल नाही, एक चाक नाही, वाळलेलं पानसुद्धा नाही.

पाहुणी धावत वर्गात आली, धापा टाकतच तिनं शेवटचं कार्ड लिहिलं आणि ते खणात न टाकता बाईंच्या हातात दिलं. बाईंनी मोठ्यानं वाचलं.

"कोरवाट. रस्ता झालेला असतो, पण त्यावरून अजून कुणीच गेलेलं नसतं, ती वाट."

बाईंनी कार्ड उलटलं. मागे लिहिलं होतं, 'कोणाकडून: माझ्याकडून.'

"पण बाई, बनवायचा नाही असा नियम..." वकिलानं सवयीनं तोंड उघडलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. बाहेर रस्त्यावर ती होती. कोरवाट. तोवर तिला नाव नव्हतं, म्हणून आम्हाला कुणाला ती वेगळी दिसली नव्हती.

मी जन्मापासून जुन्या गोष्टी सांभाळत आले. बटणं दुसऱ्यांच्या शर्टांची, शब्द दुसऱ्यांच्या आजोबांचे. सगळे शब्द कुणाकडून तरी आलेले असतात असंच मला वाटायचं. त्यातला पहिला कुणाकडून आला, हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं. त्या सकाळी मी एक शब्द जन्माला येताना पाहिला. नऊ वर्षांच्या, शाईनं बोटं माखलेल्या मुलीनं तो केला. मला अजून आठवलं की खण खुळखुळतात.

दुपारी दोर सुटले. रोलर, पिंपं आणि दोन झेंडे ट्रकमध्ये चढले. पाहुणी मागच्या फळीवर बसली होती. त्या कोरवाटेवरून पहिली गेली ती तिचीच गाडी.

आता बाईंच्या केसांत पांढरं दिसतं. माझ्या वरच्या दोन ओळींना वाळवी चाटून गेली, रंग तीनदा बदलला. खालचा खण एवढा भरलाय की तो आता पुरता बंदच होत नाही. त्यात बदलीवाल्यांच्या मुलांचे शब्द आहेत, ट्रकवाल्यांच्या, वीटभट्टीवाल्यांच्या, एका सर्कसवाल्याच्या नातीचा आहे, मोठ्या सरांचा आहे. दर वर्षी एक-दोन कार्डं मागच्या बाजूला 'माझ्याकडून' लिहिलेली निघतात. बाई ती बराच वेळ हातात धरून बसतात.

तुम्ही कधी वर्गात आलात तर कार्ड वाचून झाल्यावर उलटूनही बघा. शब्दामागचं माणूस तिथे असतं. आणि मुलांनो, अठरा खणांत तुमचा खण सापडला नाही तर घाबरू नका. मी घाबरट आहे, म्हणून सांगते. जरा वाकून खाली बघा. तो थोडा रुसतो. दोन्ही हातांनी ओढा.